डेंग्यूचा ताप : मुलांत तो वेळीं कसा ओळखावा

भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास पावसानें उघडीप दिली आणि खाचरांतील भात पोटरीस आलें, म्हणजे आमच्या मावळांत मनास मोठी प्रसन्नता वाटते. परंतु शिक्षकाच्या डोळ्यांस त्याच दिवसांत आणखी एक गोष्ट दिसूं लागते. वर्गांतील बाकें एकेक करून रिकामीं पडतात. हजेरी घेतांना नांव उच्चारावें आणि शेजारच्या मुलानें उत्तर द्यावें, "सर, त्याला ताप आला आहे."

ताप पुष्कळ प्रकारचे असतात. सर्दीपडशाचा असतो, हिंवताप असतो, विषमज्वर असतो. चिखलांत व साचलेल्या पाण्यांत अनवाणी काम करणाऱ्यांस लेप्टोस्पायरोसिसही होतो. ह्या सर्वांत डेंग्यूची एक रीत निराळी आहे, आणि ती ठाऊक नसल्यामुळें प्रेमळ व सावध आईबापेंही फसतात. आम्ही स्वतः फसलों होतों, म्हणूनच हा लेख लिहीत आहों.

त्या गोष्टीस आतां कांहीं वर्षें झालीं. सातवीच्या वर्गांतील एक मुलगा चार दिवस तापानें घरीं होता. पांचव्या दिवशीं तो शाळेंत आला. अंग गार, मुलगा आपल्या पायांनीं चालत आलेला; आईबापांस वाटलें, सुटलों. सहामाही परीक्षा जवळ आली होती. एवढ्या दुखण्यांतून उठून हा हजर झाला म्हणून आम्हीं सर्व वर्गासमोर त्यास शाबासकी दिली. मधल्या सुटींत त्यानें डबा उघडला नाहीं. त्याच्या शेजारीं बसणाऱ्या मुलानें येऊन सांगितलें, "सर, ह्याचा हात बर्फासारखा लागतो, आणि पोट दुखतें म्हणून हा वांकून बसला आहे." आम्हीं जाऊन विचारलें तर मुलानें नीट उत्तरें दिलीं, वडिलांचा दूरध्वनि क्रमांकही त्यानेंच सांगितला. तरी हात खरोखरच गार होते, आणि सकाळपासून त्यास लघवी झाली नव्हती. त्यास तसेंच रुग्णालयांत नेलें. तो डेंग्यूच होता. दोन दिवस शिरेंतून सलाईन द्यावें लागलें आणि मुलगा वांचला. डॉक्टर आम्हांस म्हणाले, "थकून झोंपला आहे असें समजून तुम्हीं रात्र काढली असती, तर सकाळीं आमच्या हातीं फारसें कांहीं उरलें नसतें."

त्या दिवशीं जें शिकलों तें एका वाक्यांत सांगतां येईल : डेंग्यूंत ताप उतरला म्हणजे रोग संपला असें नव्हे, पुष्कळदां खरी कसोटी तेथूनच सुरू होते.

रोगाचें मूळ

डेंग्यू हा विषाणूपासून होणारा रोग आहे. अंग फार ठणकत असल्यामुळें त्यास हाडमोड्या ताप असेंही म्हणतात. ह्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकारचा डेंग्यू होऊन गेला म्हणजे त्या प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळतें. परंतु इतर तीन प्रकारांपासून मिळणारें संरक्षण थोड्याच महिन्यांत ओसरतें, आणि पुढें दुसऱ्या प्रकारचा डेंग्यू झाला तर तो अधिक उग्र होण्याचा संभव असतो. म्हणून "आमच्या मुलाला मागें एकदां डेंग्यू होऊन गेला आहे, आतां भय नाहीं" ही समजूत अगदीं उलटी आहे. अशा मुलास अधिकच जपलें पाहिजे.

रोग्यास शिवल्यानें किंवा त्याच्या शेजारीं बसल्यानें डेंग्यू होत नाहीं. एडीस इजिप्ती नांवाच्या डासाची मादी रोग्यास चावते, आणि कांहीं दिवसांनीं दुसऱ्यास चावून रोग पोंचविते. ह्या डासाच्या अंगावर व पायांवर पांढरे पट्टे असतात. तो दिवसा चावतो, आणि त्यांतही सकाळीं व सूर्यास्तापूर्वीं अधिक. त्यामुळें रात्रीं मच्छरदाणी लावून आपण निर्धास्त होतों तें पुरेसें नाहीं. मुलें शाळेंत किंवा अंगणांत असतात तीच त्याची वेळ.

डासांची गोष्ट निघाली कीं मावळांतील लोक भातखाचरांकडे, पवना धरणाकडे किंवा इंद्रायणीकडे बोट दाखवितात. परंतु ह्या डासास नदी, धरण वा खाचर यांशीं फारसें कर्तव्य नाहीं. तो माणसाच्या घराचा सोबती आहे. पाण्याचें पिंप, रांजण, कुंडीखालची बशी, जुना टायर, नारळाची करवंटी, गच्चीवरील ताडपत्रीची घडी, उघडी टाकी, अशा ठिकाणीं साचलेल्या पाण्यांत तो वाढतो. अंड्यापासून उडणारा डास होण्यास सुमारें ८ ते १० दिवस पुरतात. अंडीं भांड्याच्या कडेस चिकटून राहतात, आणि भांडें सुकलें तरी कित्येक महिने जिवंत राहून पुढच्या पाण्यांत फुटतात. लोणावळें-खंडाळ्यास सुटीपुरते उघडणारे बंगले पुष्कळ आहेत. त्यांच्या अंगणांत व गच्चीवर साचलेलें पाणी आठवडाभर कोणी पाहत नाहीं. आषाढांतील मुसळधार पावसानें अशीं भांडीं वारंवार ओसंडून अळ्या वाहूनही जातात. पावसानें दम घेतला म्हणजे पाणी स्थिर होतें आणि डासांचें फावतें. म्हणून मावळांत पावसाळ्याच्या उत्तरार्धांत व त्यानंतरच्या दिवसांत विशेष सावध असावें.

हा डास फार दूर उडत नाहीं. बहुधा कांहींशें मीटरांच्या आंतच त्याचा संचार असतो. ह्यावरून ओळखीचा पहिला धागा हातीं येतो. मुलास ताप आला असतां आपल्या आळींत किंवा वर्गांत गेल्या पंधरा दिवसांत कोणास डेंग्यू झाला होता काय, ही चौकशी करावी आणि ती डॉक्टरांस सांगावी.

रोगाची चाल

डास चावल्यानंतर सामान्यतः ४ ते १० दिवसांनीं ताप येतो. तो एकाएकीं चढतो आणि १०२ ते १०४ अंशांपर्यंत जातो. ही पहिली पायरी २ ते ७ दिवसांची असते. दुसरी पायरी नाजूक असते. बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसांच्या दरम्यान ताप उतरूं लागतो, आणि त्याच वेळेस कांहीं रोग्यांत शरीरांतील बारीक केशवाहिन्या झिरपूं लागतात. रक्तांतील पातळ द्रव वाहिन्यांतून बाहेर पडून पोटांत व छातींत सांचतो. हा प्रकार २४ ते ४८ तास चालतो. त्यानंतर तिसरी पायरी. बाहेर गेलेला द्रव परत रक्तांत येतो, भूक लागते आणि मूल हुशार होतें.

दुसऱ्या पायरीवर काय घडतें तें समजण्यास आपल्या घरांतील माठाकडे पाहावें. नवा माठ पाझरतो तेव्हां बाहेरून हात लावला तर गार लागतो, आणि आंतील पाणी मात्र हळूहळू कमी होत असतें. त्या मुलाचें तसेंच झालें होतें. अंग गार लागलें म्हणून आम्ही संतुष्ट झालों. आंत काय कमी होत होतें तें आम्हांस दिसलें नाहीं.

बहुतेक मुलें ह्या पायरीवरून सुखरूप पार पडतात, हेंही तितकेंच खरें आहे. परंतु कोणतें मूल पार पडेल आणि कोणतें अडखळेल, हें पहिल्या दिवशीं कोणासही सांगतां येत नाहीं. म्हणून प्रत्येकावर लक्ष ठेवावें लागतें.

पहिल्या तीन दिवसांतील ओळख

मोठें मूल आपलें दुखणें सांगूं शकतें. डोकें दुखतें, डोळ्यांच्या मागें ठणका लागतो, पाठ व सांधे मोडून येतात, अन्नाची वासना उडते. लहान मुलास हें सांगतां येत नाहीं. तें किरकिर करतें, दूध घेत नाहीं, ओकतें, त्याचा चेहरा लालबुंद दिसतो. कधीं तापाच्या भरांत झटकेही येतात. सर्दी व खोकला बहुधा नसतो किंवा थोडा असतो. तेव्हां पावसाळ्यांत एकाएकीं आलेला मोठा ताप, चेहऱ्यावर लाली, अंगदुखी आणि सर्दी नाहीं, असें दिसतांच डेंग्यूची शंका घ्यावी. कातडीवर टांचणीच्या अग्राएवढे लाल ठिपके दिसले आणि बोटानें दाबूनही ते नाहींसे झाले नाहींत, तर ते त्वचेखालीं झालेल्या रक्तस्रावाचे असूं शकतात. डॉक्टर कधीं दंडास रक्तदाबाचा पट्टा ५ मिनिटें बांधून असे ठिपके उमटतात काय तें पाहतात.

परंतु हिंवताप, विषमज्वर व चिकनगुन्या हेही प्रथम असेच दिसूं शकतात. त्यामुळें केवळ अंदाजावर न राहतां ताप दोन दिवसांत उतरला नाहीं, किंवा मूल फार मलूल दिसलें, तर रक्त तपासून घ्यावें. येथें दोन परीक्षांमधील भेद पालकांनीं समजून घेतला पाहिजे. एनएस-वन नांवाची परीक्षा विषाणूचाच अंश शोधते, आणि ती पहिल्या पांच दिवसांत उपयोगी पडते. आयजीएम नांवाची परीक्षा शरीरानें विषाणूविरुद्ध तयार केलेलें द्रव्य शोधते, व तें साधारणपणें पांचव्या दिवसापासून सांपडूं लागतें. चुकीच्या दिवशीं केलेली परीक्षा "रोग नाहीं" असें सांगून फसवूं शकते. शिवाय एनएस-वन नकारार्थी आली तरी डेंग्यू नाहींच असें ठरत नाहीं, विशेषतः पूर्वीं डेंग्यू होऊन गेलेल्या मुलांत. लक्षणें जुळत असतील तर अहवाल कांहींही असो, लक्ष ठेवणें सोडूं नये.

त्याबरोबर साधी रक्तगणनाही करावी. डेंग्यूंत प्रथम पांढऱ्या पेशी कमी होतात, मागून प्लेटलेट कमी होतात, आणि द्रव झिरपूं लागला म्हणजे रक्त घट्ट होतें. हा घट्टपणा हिमॅटोक्रिट ह्या आंकड्यावरून कळतो. तो ३६ होता आणि दोन दिवसांत ४३ झाला, तर सुमारें एक पंचमांश वाढ झाली, आणि ती धोक्याची सूचना होय. आपले लोक प्लेटलेटचाच आंकडा विचारीत बसतात. तो जाणावा, पण एकट्यानें तो पुरेसा नाहीं. मुलाच्या प्रकृतीकडे व रक्ताच्या घट्टपणाकडे डॉक्टर अधिक लक्ष देतात.

अशा परीक्षांच्या कामीं आपल्या जिल्ह्यास अभिमान वाटावा अशी एक संस्था पुण्यास आहे. १९५२ सालीं तेथें विषाणु संशोधन केंद्र स्थापन झालें, आणि १९७८ सालीं त्यास राष्ट्रीय विषाणु विज्ञान संस्था हें नांव मिळालें. डेंग्यूची आयजीएम परीक्षा करण्याची सामग्री ह्या संस्थेंत तयार होऊन देशभरच्या सरकारी प्रयोगशाळांस पाठविली जाऊं लागली. सन २०२१ च्या जुलै महिन्यांत पुरंदर तालुक्यांतील बेलसर गांवीं झिका रोगाचा महाराष्ट्रांतील पहिला रुग्ण सांपडला, तोही ह्याच संस्थेनें रक्त तपासल्यामुळें. झिका व चिकनगुन्या हे रोगही हाच डास पसरवितो.

धोक्याचीं चिन्हें

जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ सालीं डेंग्यूची नवी वर्गवारी केली आणि धोक्याचीं चिन्हें निश्चित केलीं. तीं मुख्यतः लक्षांत घेऊन, शिवाय रक्ताभिसरण मंदावल्याचीं कांहीं लक्षणें जोडून, घरीं पाहतां येतील अशा गोष्टी येथें देतों. हें पान कापून भिंतीस लावलें तरी आम्हांस आनंदच वाटेल.

१. पोटांत सतत किंवा तीव्र दुखणें.
२. वारंवार ओकारी होऊन पाणीही पोटांत न टिकणें.
३. नाकांतून किंवा हिरड्यांतून रक्त येणें. ओकारींत रक्त दिसणें. शौचास काळें होणें. मोठ्या मुलींच्या बाबतींत आईनें मासिक स्राव अधिक होत नाहीं ना, हेंही पाहावें.
४. मूल फार सुस्त होणें, किंवा उलट एकसारखें तळमळणें.
५. हातपाय गार, फिकट व ओलसर लागणें. बोटाचें टोंक ५ सेकंद दाबून सोडावें. लाली २ सेकंदांत परत आली नाहीं तर रक्ताभिसरण मंदावलें असें समजावें.
६. चार ते सहा तासांत लघवी न होणें.
७. पोट फुगणें किंवा श्वास जोरानें चालणें.

ह्यांपैकीं एकही चिन्ह दिसलें, तर घड्याळाकडे न पाहतां मुलास रुग्णालयांत न्यावें. "मूल बोलतें आहे, ओळखतें आहे" ह्या गोष्टीनें फसूं नये. रक्ताभिसरण ढांसळत असतांही मूल पुष्कळ वेळ शुद्धीवर राहतें आणि नीट उत्तरें देतें. आमच्या विद्यार्थ्यानें वडिलांचा क्रमांक कसा सांगितला तें वर आलेंच आहे.

घरीं काय करावें व काय करूं नये

डेंग्यूच्या विषाणूवर थेट चालणारें औषध वैद्यांच्या हातीं अद्याप आलेलें नाहीं. तरी वेळीं ओळख व योग्य शुश्रूषा झाली तर गंभीर डेंग्यूंतही मृत्यूचें प्रमाण शेंकडा एकाच्या खालीं ठेवतां येतें. वेळीं ओळखणें हेंच ह्या रोगाचें अर्धें औषध आहे.

तापासाठीं केवळ पॅरासिटामॉल द्यावें, आणि तेंही मुलाच्या वजनाप्रमाणें डॉक्टर सांगतील त्या मात्रेंत. साधारण प्रमाण दर किलो वजनास १० ते १५ मिलिग्राम असतें, आणि दोन मात्रांमध्यें सहा तासांचें अंतर ठेवावें. ॲस्पिरिन व आयबुप्रोफेन ह्यांनीं रक्तस्राव वाढूं शकतो, म्हणून तीं औषधें देऊं नयेत. दुकानदाराकडून "तापाची जोरदार गोळी" मागूं नये. तिच्यांत काय आहे तें आपणांस ठाऊक नसतें. पेज, ताक, शहाळ्याचें पाणी, लिंबाचें सरबत, साखर-मिठाचें तयार मिश्रण, हीं थोडीं थोडीं वरचेवर पाजावीं. पपईच्या पानांच्या रसावर भिस्त ठेवून रुग्णालयांत जाण्यास विलंब लावणें म्हणजे मुलाच्या जिवाशीं खेळणें होय. रोग्यास दिवसाही मच्छरदाणींत निजवावें, म्हणजे त्याचा रोग डासामार्फत भावंडांस जाणार नाहीं.

नाणे मावळ, आंदर मावळ व पवन मावळ ह्या खोऱ्यांतील पालकांस एक विशेष सांगणें आहे. वाडीपासून मोठें रुग्णालय दूर असतें; पावसांत ओढे भरतात, रात्रीं वाहन मिळत नाहीं. धोक्याचें चिन्ह दिसल्यावर निघण्यापेक्षां आधींच निघणें तुमच्या हिताचें आहे. डेंग्यूची शंका असेल आणि तिसरा दिवस उजाडला असेल, तर दिवसाउजेडीं वडगांव, तळेगांव किंवा लोणावळ्यास येऊन मुलास दाखवावें, आणि पुढचे दोनतीन दिवस रुग्णालयाजवळ एखाद्या आप्ताकडे राहतां आलें तर राहावें. त्यांत मजुरी बुडते हें आम्ही जाणतों. पण तो हिशेब दोनतीन दिवसांचाच आहे.

तापाची वही

आतां विद्यार्थ्यांस दोन शब्द. वरील सर्व गोष्टींचा पाया दिवस मोजणें हा आहे, आणि घरांत ताप आला असतां तेंच काम राहून जातें. डॉक्टर विचारतात, "ताप केव्हांपासून आहे?" आई म्हणते तीन दिवस, आजी म्हणते पांच, वडील कामावर गेलेले असतात. हें काम तुम्हीं आपल्या अंगावर घ्यावें. धाकट्या भावास किंवा बहिणीस ताप आला कीं वहीचें एक कोरें पान घ्यावें आणि वर "दिवस १" असें लिहावें. दिवस पहिला म्हणजे ताप आला तो; डॉक्टरांकडे नेलें तो नव्हे. खालीं सकाळ, दुपार, संध्याकाळ असे तीन रकाने पाडून ताप किती, काय प्यालें, ओकलें काय, लघवी कितीदां झाली, हातपाय ऊन कीं गार, एवढेंच टिपावें. कोणतें औषध केव्हां दिलें तेंही लिहावें. ताप उतरला म्हणून वही मिटूं नये. त्या पानावर लाल पेन्सिलीनें रेघ मारावी आणि तेथून आणखी पुरे दोन दिवस अधिकच काळजीनें लिहीत जावें. ती वही डॉक्टरांपुढें ठेवली तर त्यांचें काम निम्म्यानें सोपें होईल.

आणि दुसरी गोष्ट. ताप गेल्यावर दुसऱ्याच दिवशीं कोणीं शाळेंत येऊं नये. ताप उतरून दोन दिवस झाले, मूल जेवूं लागलें व डॉक्टरांनीं होकार दिला, म्हणजे यावें. आम्हीं आपल्या वर्गापुरती आतां अशी रीत ठेविली आहे कीं, दुखण्यांतून घाईनें उठून येणाऱ्यास शाबासकी द्यावयाची नाहीं; शाबासकी द्यावयाची ती शेजारच्या मुलाचा हात गार लागला हें ओळखून सांगावयास येणाऱ्यास. बुडालेला अभ्यास आम्ही मागून करून घेऊं.

शुभवर्तमानांत याईराच्या बारा वर्षांच्या मुलीची गोष्ट आहे. प्रभूनें तिला उठविलें तेव्हां घरच्यांचें भान हरपलें. परंतु मुलीस कांहीं खावयास द्या, ही आठवण त्यानेंच त्यांस करून दिली. मूल उठून बसलें म्हणजे घरांतील मोठ्या माणसांस इतका आनंद होतो कीं पुढील साध्या गोष्टी विसरतात. डेंग्यूंत त्या विसरून चालत नाहीं. ताप उतरलेल्या मुलाच्या उशाशीं आणखी दोन दिवस जागें राहावें, त्याचा हात हातांत घेऊन पाहावा आणि घोट घोट पाणी पाजावें. एवढें आपल्यापैकीं प्रत्येकास करतां येण्यासारखें आहे.